पुंज की टोळी

आमच्या दाजींनी आयुष्यात सलग दहा मिनिटं कुठे बूड टेकलेलं ज्याने पाहिलं असेल, त्याने बीडला कोर्टाशेजारी माझं टायपिंगचं दुकान आहे तिथे येऊन सांगावं. मी त्याचा जाहीर सत्कार करीन. दाजी म्हणजे माझ्या मामेबहिणीचे, अक्काचे, यजमान. धारूरकडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. चहा उभ्याने पितात, भाकरीचा घास हातात घेऊन घरभर हिंडतात, आणि पेपर वाचताना फेऱ्या घालतात, त्यामुळे पहिल्या पानावरची बातमी स्वयंपाकघरात सुरू होऊन अंगणात संपते. ते अक्काला पाहायला आले तेव्हाची गोष्ट मामांकडे अजून निघते. मंडळी सतरंजीवर बसली, पोहे आले, मुलगी आली, आणि नवरदेव भिंतीशी उभे राहून ओल आलेला पोपडा बोटाने चाचपत होते. मामांना वाटलं, पाहुणा घराची पाहणी करतोय. "गेल्या साली गिलावा केला होता," मामा ओशाळून म्हणाले. त्यावर दाजी म्हणाले, "गिलावा लई चांगलाय. पर ओल त्या खाचेपाशी येऊन थांबती, अन् मग तिथूनच फांद्या फुटत्यात. कावून फुटत असतील?" मुलगी पसंत आहे की नाही हे विचारायला मामांना त्यांच्या मागे गोठ्यापर्यंत जावं लागलं.

कशावर काही पडलं की दाजींचं भान सुटतं. लग्नात सगळे नवरा-नवरीकडे बघतात, दाजी अक्षता कुठे पडल्या ते बघतात. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक झालं, लोक पंगतीला पळाले आणि दाजी मांडवातल्या गालिच्यावर उकिडवे बसलेले सापडले. (उकिडवं बसणं हे बसण्यात धरायचं नाही, हा त्यांचा नियम आहे.) मांडववाल्यांना गालिचा गुंडाळायचा होता. दाजी म्हणत होते, "थांब ना बे, हितं बघ, घडी पडलीय तिथंच कशा गोळा झाल्यात!" मांडववाल्याने एक बाजू उचलली, दाजींनी दुसरी दाबून धरली, आणि माझ्या भावाच्या सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की हे गृहस्थ नक्की आपल्याच बाजूचे का. मी तोंड फिरवलं. अक्काने दिवाळीत काढलेल्या रांगोळीत पट्टी घेऊन उतरण्याचा प्रकारही एकदा झाला होता, पण त्या दिवशी अक्का जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

या सगळ्यामागे त्यांचं पीएच.डी.चं संशोधन. त्याचा मसुदा मी इतक्या वेळा टाइप केलाय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. चांदी तापवून तिची वाफ करायची. ती वाफ गार वायूत सोडली की चांदीचे सुटे अणू एकमेकांना धरतात आणि त्यांचे बारीक बारीक गट होतात. कुठे शंभराचा, कुठे हजाराचा. हे गट अलगद एका गुळगुळीत चकतीवर उतरवायचे. असे गट येत राहिले, एकमेकांना चिकटत राहिले की चकतीवर एक पातळ पापुद्रा तयार होतो, डोळ्याला न दिसणारा. तो कसा वाढतो, एवढंच दाजींना जाणून घ्यायचं होतं. आपल्याला वाटतं, पडलेली वस्तू पडल्या जागी राहते. दाजी सांगतात, नाही. तो गट अख्खाच्या अख्खा चकतीवर घसरत हिंडतो, दुसरा भेटेपर्यंत किंवा एखाद्या खड्ड्यात अडकेपर्यंत. हे सांगताना ते स्वतः माझ्या दुकानात असे हिंडायचे की शपथपत्र करायला आलेली माणसं पाय वर घेऊन बसायची.

यासाठी लागणारं यंत्र त्यांनी बीडच्या एका फ्रिज दुरुस्त करणाऱ्या चाचांना हाताशी धरून कॉलेजच्या मागच्या खोलीत उभं केलं. आतली हवा काढून टाकायला पंप होता, आणि वायू गार करायला द्रवरूप नायट्रोजन. धारूरच्या बाजूला हा नायट्रोजन एकाच ठिकाणी मिळणार, तो म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात. तिथे वळूचं बीज गोठवून ठेवायला तो येतो. तिथल्या डॉक्टरांशी दाजींनी दोस्ती केली आणि वाफाळणारं भांडं हातात धरून गावातून चालत जाऊ लागले. कॉलेजात त्यांना सगळे आधीच कौतुकाने 'होणारे डॉक्टर' म्हणत. व्हायचं तेच झालं. एका सकाळी एक शेतकरी गाय घेऊन कॉलेजच्या फाटकात हजर. "डाक्टर कुठं हायेत? गाय माजावर आलीया." शिपायाने दाजींच्या खोलीकडे बोट दाखवलं. दाजी बाहेर आले, आपल्या भांड्याबद्दल विचारायला कुणीतरी आलंय याचाच त्यांना आनंद झाला, आणि त्यांनी नायट्रोजनपासून चकतीपर्यंत सगळं समजावून सांगितलं. तो बिचारा कासरा धरून पाऊण तास उभा. शेवटी म्हणाला, "समदं पटलं सर, पर गाईचं काय?" मग दाजी त्या गाईबरोबर जनावरांच्या दवाखान्यापर्यंत चालत गेले. चालायला त्यांना कुठलंही निमित्त पुरतं.

तयार झालेल्या चकत्यांचे फोटो मात्र विद्यापीठातल्या सूक्ष्मदर्शकाखालीच निघायचे. दाजी महिन्यातून दोनदा एसटीने तिकडे जायचे. सीट रिकामी असली तरी चकत्यांचा डबा छातीशी धरून उभेच, गुडघे थोडे वाकवून, कारण खड्ड्यातला हादरा सीटमधून डब्यात जातो आणि गुडघ्यातून जात नाही. एका कंडक्टरने विचारलं होतं, "सर, पेढे हायेत व्हय डब्यात? का हवालदिल झालाव एवढं?" पुढे तो कंडक्टरच खड्डा आला की लांबून ओरडायचा, "सर, डबा!"

आता ज्या शब्दापायी सगळं घडलं त्याकडे येतो. दाजींची आई म्हणजे माझी मावशीच म्हणायची. तिने उभं आयुष्य ऊस तोडला. आमच्याकडे माणसं ऊसतोडीला एकेकटी जात नाहीत, टोळीने जातात. टोळीचा एक मुकादम असतो, आणि टोळी कारखान्यापाशी उतरली की उघड्यावर कोप्या, म्हणजे पाचटाची खोपटी, घालून राहते. दाजींचं बाळपण अशाच कोप्यांत गेलं. एका पावसाळ्यात दाजी चकत्यांचे फोटो भिंतीला डकवून त्यांच्यापुढे येरझाऱ्या घालत होते. काही फोटोंत वाटोळे ठिपके, काहींत झाडाच्या फांद्यांगत पसरलेली नक्षी. तीच चांदी, तीच चकती, मग कधी हे आणि कधी ते असं का? वर्षभर उत्तर सापडत नव्हतं. मावशी लसूण सोलत होती. म्हणाली, "हे काय हाय रं?" दाजींनी सांगितलं. मावशी फोटोंकडे बघत म्हणाली, "टोळ्याच की ह्या. धाकल्या दोन टोळ्या येका जागी आल्या की एक व्हत्यात, चूल बी एक व्हती. थोरल्या टोळ्या न्हाई व्हत. त्या नुस्त्या खेटून बसत्यात, जिच्या तिच्या चुली जिच्या तिच्या दारी. तिसरी आली की ती बी कडंलाच बसती." दाजी थांबले. त्यांनी त्या आठवड्यात गटांचा आकार मोजून काढला, आणि निघालं तसंच: लहान गट भेटले की एकमेकांत पूर्ण मुरून एक वाटोळा ठिपका होतो, एका ठरावीक आकाराच्या वरचे गट मुरत नाहीत, नुसते खेटतात, आणि मग फांद्या. त्या दिवसापासून दाजींनी आपल्या मराठी टिपणांत दुसरा शब्द वापरला नाही. अणूंची टोळी.

गणपतीतल्या व्याख्यानमालेत कॉलेजने त्यांचं भाषण ठेवलं. सूचना मीच टाइप केली, दाजींनी सांगितली तशी: 'टोळ्या कशा उतरतात, कशा हिंडतात आणि कुठे स्थिरावतात. सर्वांना मुक्त प्रवेश.' ऊसतोडीचा हंगाम दोन महिन्यांवर आला होता. भाषणाला विद्यार्थी आले सात, आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेले मुकादम आले चौदा. आणखी एक हवालदारही आला, कोणत्या टोळ्या ते विचारायला. तो मागे उभा राहिला आणि शेवटपर्यंत गेला नाही. दाजींना आपल्यापुढे कोण बसलंय याची शुद्धच नव्हती. ते बोलत गेले, हिंडत गेले, आणि मुकादमांच्या माना त्यांच्याबरोबर इकडून तिकडे वळत राहिल्या. खाच असलेल्या जागी टोळी अडकते म्हणाले तेव्हा एक जण म्हणाला, "पाणी आसंल तितं." शेवटी एका म्हाताऱ्या मुकादमाने हात वर केला. "सर, ह्या टोळीचा मुकादम कोन?"

"मुकादम नसतोय," दाजी म्हणाले.

"मग टोळी चालतीया कुनाच्या जोरावर?"

"आपआपल्या. कुनी हाकत न्हाई, कुनी थांबवत न्हाई. अन् तरी अख्खी हालती. येक माणूस मागं ऱ्हात न्हाई."

सभागृहात गलका झाला. चौदा मुकादमांना हे विज्ञान अजिबात मान्य नव्हतं. म्हातारा मात्र उठता उठता म्हणाला, "आसंल बाबा. बघायला पायजे आशी टोळी येकदा." दाजी पुढे कित्येक दिवस हे वाक्य सांगत होते.

प्रबंध इंग्रजीत होता, पण मागे वीस पानांचा मराठी सारांश जोडायचाच असा दाजींचा हट्ट. कुणी मागितला नव्हता, नियमातही नव्हता. अक्काने विचारलं, कुणासाठी? दाजी म्हणाले, "आईला वाचून दाखवता यावा म्हणून." त्यांचे मार्गदर्शक सर भला माणूस, पण भित्रा. सारांश वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, टोळी म्हटलं की दरोडेखोर आठवतात. बाहेरचे परीक्षक येणार आहेत. चांगला पुंज शब्द आहे आपल्याकडे. तारकापुंज म्हणतोच ना आपण? पुंज करा, मी सही करतो." विद्यापीठाने दाजींना दोनदा मुदतवाढ दिली होती, तिसरी मिळणार नव्हती. प्रबंध दिलेल्या तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत जमा झाला तर ठीक, नाहीतर इतक्या वर्षांची सगळी नोंदणीच रद्द. आणि सरांची सही नसेल तर तो जमा होणार नव्हता.

त्या तारखेच्या सकाळी दाजी पहिल्या गाडीने माझ्या दुकानात आले. माझं दुकान आठ बाय दहाचं. त्यात मी, दोन संगणक, एक प्रिंटर, आणि दाजी. साडेअकराची गाडी गाठायची होती, त्याआधी छपाई आणि बाइंडिंग. एकच गोष्ट ठरायची होती.

"पुंज जागचा हालत न्हाई, पाव्हणं," दाजी म्हणाले. "पुंज म्हणलं की खळ्यातला ढीग दिसतो मला. कुणीतरी घालून ठेवल्याला. मी आठ वर्षं जे बघितलं ते हालतंय."

"मग टोळीच राहू द्या."

"सही न्हाई मिळायची."

"मग पुंज करा."

"पुंज हालत न्हाई."

हे झाल्यावर ते बाहेर जायचे, कोर्टाच्या फाटकापर्यंत चालायचे, परत यायचे, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. दारात दोन वकील ताटकळत होते, वीज कधीही जाईल अशी लक्षणं होती, आणि माझा स्वभाव आधीच उतावळा. दाजी पुन्हा फाटकाकडे निघाले तेव्हा मी खुर्चीतूनच ओरडलो, "दाजी, एक काय ते सांगा! मला दुसरी कामं आहेत!" वकीलसुद्धा दचकले. दाजी पाठमोरे थांबले. वळले नाहीत. म्हणाले, "करा."

मी केलं. दाजींना मार्गावर आणल्याचं समाधान वाटत होतं मला. संगणकाला सांगितलं की 'टोळी' दिसेल तिथे 'पुंज' घाल, सगळीकडे. त्याने क्षणात घातला. मग सारांशातलं व्याकरण हाताने सारखं करत बसलो, कारण 'मोठी पुंज' आणि 'पुंजच्या' असले अवतार जागोजाग निर्माण झाले होते. वीस पानं चकाचक केली. छापली, बांधली, वर सोनेरी अक्षरं उमटवून आणली, आणि दाजींना गाडीत चढवून दिलं. ते अर्थातच उभे राहिले.

पदवी मिळाली. परीक्षकांनी कौतुक केलं, मराठी सारांशाचं एक पान उलटून 'छान' म्हणाले आणि मिटलं. काही दिवसांनी दाजी माझी प्रत द्यायला आले. मी कौतुकाने पहिलं पान उघडलं. ऋणनिर्देश मराठीत होता. तो दाजींनी सगळ्यात आधी हाताने लिहून दिला होता, मी तेव्हाच टाइप करून टाकला होता आणि परत त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. तिथे छापलं होतं: 'ज्या पुंजत मी चालायला शिकलो, त्या पुंजतल्या सगळ्यांचा आणि त्या पुंजत मला पाठीशी बांधून ऊस तोडणाऱ्या माझ्या आईचा हा प्रबंध आहे.'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मार्गदर्शकांचा आक्षेप सारांशापुरता होता, या पानाबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं. ही चूक सगळी माझी होती, माझ्या घाईची आणि माझ्या ओरडण्याची.

"दाजी, तुम्ही पाहिलं का हे?"

"पाह्यलं. गाडीतच."

"मग फोन नाही केला? उतरला का नाहीत?"

"उतरलो व्हतो," दाजी म्हणाले. "गेवराईला. स्टँडवर उभा ऱ्हायलो थोडा वेळ. परत फिरावं तर पाच वाजून जात व्हते. मग मागची गाडी धरली." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा काय दोष न्हाई, पाव्हणं. करा म्हणलं म्याच." एवढं बोलून ते चहा न घेता निघून गेले. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी फाइल उघडून ते पान त्याच दिवशी दुरुस्त केलं. त्याचा आता कुणाला काही उपयोग नव्हता.

महिन्याभराने गावात त्यांचा सत्कार ठेवला तेव्हा मी गेलो. हारतुरे झाले, लोक पांगले. मावशी ओसरीवर प्रबंध मांडीत घेऊन बसली होती. मला हाक मारली. "आरं लेका, ह्यात माजं नाव हाय म्हनं. अक्का सांगत व्हती. वाच की जरा." मी दाराकडे पाहिलं. दाजी उंबऱ्यात उभे होते. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सांगितलं नाही, आणि कधी नव्हे ते हललेही नाहीत. मी पान काढलं आणि वाचलं, "ज्या टोळीत मी चालायला शिकलो, त्या टोळीतल्या सगळ्यांचा आणि त्या टोळीत मला पाठीशी बांधून ऊस तोडणाऱ्या माझ्या आईचा हा प्रबंध आहे." आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

मावशी पानावर वाकली. मग म्हणाली, "टोळी कुटं लिवलंय? दाव बरं."

मी 'पुंजत'मधल्या 'पुंज' एवढ्याच अक्षरांखाली बोट ठेवलं. तिने माझ्या बोटाशेजारी आपला अंगठा टेकवला, कोयत्याने कधीकाळी अर्धं नख गेलेला, आणि त्या छपाईवरून सावकाश फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"दोनच अक्षरं?"

"दोनच, मावशी."

"येवढाली मान्सं व्हती," ती म्हणाली. "कितीक तर आता न्हाईत बी. अन् समदी दोन अक्षरांत बसली व्हय?"

दाजी उंबऱ्यातून आत निघून गेले. मी बोट तिथेच ठेवलं होतं. काढलं असतं तरी तिला वाचता येणार नव्हतं. मला येत होतं.